मिठाच्या खड्यातील आयन : एका कल्पनेची कुळकथा

सैंधवाच्या नितळ खड्यावर धारदार पात्याने हलकासा आघात केला, तर तो वेडावाकडा न फुटता सपाट, काटकोनी पृष्ठांनी दुभंगतो. तोच खडा भट्टीत तापवला, तर ८०१ अंश सेल्सिअसपर्यंत तो वितळण्याचे नाव काढीत नाही. कोरड्या स्थितीत त्यातून विजेचा प्रवाह जात नाही, आणि वितळताच किंवा पाण्यात विरघळताच मात्र तो प्रवाह निर्वेध वाहू लागतो. या निरनिराळ्या दिसणाऱ्या गुणधर्मांचा एकमेकांशी काही आप्तसंबंध असेल, अशी शंकासुद्धा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कोणास आली नव्हती. आज शाळेतील विद्यार्थी 'आयनिक बंध' असे म्हणून या सर्वांची उपपत्ती एका दमात सांगतो. परंतु हे उत्तर सिद्ध होण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली, आणि त्या अवधीत ज्या एका गोष्टीने भल्याभल्या पंडितांच्या बुद्धीस अडथळा केला ती गोष्ट म्हणजे ही की, मिठातील विद्युत्‌भारित कण कोणी निर्माण करावे लागत नाहीत. वीज सोडण्यापूर्वी, पाणी घालण्यापूर्वी, कोरड्या खड्यातही ते आयन म्हणूनच नांदत असतात. या कुळकथेतील प्रत्येक पिढीने या सत्याचा थोडा अंश स्वीकारला आणि उरलेला नाकारला.

कुळकथेचा रिवाज मूळपुरुषापासून आरंभ करण्याचा आहे. १८०० साली व्होल्टाने आपली विद्युत्‌राशी प्रसिद्ध केली आणि त्याच वर्षी निकल्सन व कार्लाइल या दोघा इंग्रजांनी तिच्या साहाय्याने पाण्याचे पृथक्करण करून दाखविले. वीज पदार्थांना फोडते, एवढे त्यामुळे कळले. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हंफ्री डेव्हीने १८०७ च्या ऑक्टोबरात किंचित ओलसर अशा दाहक पोटॅशमधून प्रवाह सोडला, तेव्हा ऋणाग्रापाशी पाऱ्यासारखे चकाकणारे बिंदू प्रकट होऊन त्यांतील काही तत्क्षणी पेट घेऊ लागले. ते पोटॅशियम होते. आणि त्यानंतर अल्पावधीतच दाहक सोड्यातून सोडियम हाती आले. पोटॅशियम मिळाले त्या दिवशी डेव्ही हर्षाने प्रयोगशाळेत नाचू लागला, अशी आठवण त्याच्या साहाय्यक आप्ताने सांगून ठेवली आहे. ज्या धातूला कोणी पाहिले नव्हते तो धातू नित्याच्या क्षारांत दडून बसला होता, आणि त्याला बाहेर काढण्याचे सामर्थ्य विजेत निघाले, तेव्हा मूलद्रव्यांना एकत्र बांधून ठेवणारी शक्तीही विद्युत्‌स्वरूपच असली पाहिजे, असे अनुमान डेव्हीने बांधले.

स्वीडनमधील बर्झेलियसने त्या अनुमानाचे पूर्ण शास्त्र केले. प्रत्येक संयुगात एक धन आणि एक ऋण असे दोन विभाग असतात, या त्याच्या द्वैतवादाचा अंमल रसायनशास्त्रावर पाव शतकभर चालला. परंतु त्याने तो मिठाप्रमाणेच सेंद्रिय द्रव्यांनाही लावण्याचा आग्रह धरला. आणि ॲसिटिक आम्लातील 'धन' हायड्रोजनची जागा 'ऋण' क्लोरीनने घेतली तरी आम्लाचा स्वभाव फारसा पालटत नाही, हे फ्रान्समध्ये द्युमाने दाखविताच ते सारे मत एकदम बदनाम झाले. त्यात जेवढे खरे होते तेवढेही खोट्याबरोबर फेकून दिले गेले. विद्युत्‌आकर्षणाने बांधलेले पदार्थ एका जातीचे आणि दुसऱ्या प्रकारे बांधलेले पदार्थ दुसऱ्या जातीचे, हा विवेक त्या काळी कोणास सुचला असता तर मला वाटते ही कथा पुष्कळ लवकर पुरी झाली असती.

मायकेल फॅरडे हा डेव्हीच्या हाताखाली तयार झालेला, मूळचा पुस्तकबांधणीच्या दुकानातला उमेदवार. १८३३ च्या आरंभी बर्फाशी प्रयोग करीत असता त्याच्या ध्यानात आले की, पाण्यातून जाणारा प्रवाह बर्फाच्या पातळशा पापुद्र्यानेही अडतो. सामान्य संशोधकाने ही अडचण म्हणून टिपून ठेवली असती. फॅरडेने हा निसर्गाचा नियम असेल काय असा प्रश्न विचारला, आणि शिशाचे क्लोराइड, चांदीचे क्लोराइड असे अनेक पदार्थ एकामागून एक वितळवून पाहिले. घन असताना ते प्रवाह अडवीत, द्रव होताच वाहून नेत, आणि वाहून नेताना स्वतः विघटित होत. आयनिक संयुगांचा आज सर्वांत ओळखीचा झालेला हा गुणधर्म प्रथम इतक्या व्यापकपणे नोंदविला गेला तो येथे. पुढच्याच वर्षी त्याने विद्युत्‌ अपघटनाचे परिमाणनिष्ठ नियम मांडले, आणि केंब्रिजचा विद्वान विल्यम ह्युएल याच्याशी पत्रव्यवहार करून धनाग्र, ऋणाग्र, आयन इत्यादी संज्ञांची घडण केली. नाव मिळाले, मोजमाप मिळाले. पण हे आयन प्रवाहाच्या जोरामुळे रेणूंची फाटाफूट होऊन उत्पन्न होतात, अशी फॅरडेची समजूत होती. प्रवाह नसेल तेव्हा मिठाच्या पाण्यात मिठाचे अखंड रेणू असतात, हे त्याने गृहीतच धरले होते.

या गृहीतावर पहिला नेमका आक्षेप क्लाउझियुसने १८५७ मध्ये घेतला. रेणू फोडणे हे जर विजेचे काम असेल, तर फोडण्यास पुरेसा विद्युत्‌दाब होईपर्यंत प्रवाह मुळीच वाहू नये, आणि त्यानंतर तो एकदम उसळावा. प्रत्यक्षात द्रावणाच्या अंतर्भागात अत्यल्प दाबालाही त्याच्या प्रमाणात प्रवाह वाहतोच. तेव्हा काही कण तरी अगोदरच सुटे असले पाहिजेत. क्लाउझियुसचा तर्क निर्दोष होता. तथापि सुटे कण फार थोडे असावेत, एवढी सवलत त्याने रूढ मताला दिली. हिटॉर्फने निरनिराळे आयन निरनिराळ्या वेगाने चालतात हे मोजून दाखविले, कोलराउशने प्रत्येक आयनाची वाहकता त्याच्या जोडीदारावर अवलंबून नसते हे सिद्ध केले. एवढा पुरावा दप्तरी जमा झाल्यावर निवाडा देण्यास धीट माणूस मात्र पाहिजे होता.

तो माणूस म्हणजे उप्सालाजवळच्या विक या ठिकाणी १८५९ साली जन्मलेला, एका मोजणीदाराचा मुलगा स्वांते आऱ्हेनियस. उप्साला विद्यापीठात मनासारखे मार्गदर्शन न मिळाल्यामुळे तो स्टॉकहोमला एडलुंडच्या प्रयोगशाळेत गेला आणि तेथे विरल द्रावणांची वाहकता मोजून १८८४ मध्ये त्याने फ्रेंच भाषेत लिहिलेला आपला दीडशे पानांचा प्रबंध उप्सालाच्या पंडितांपुढे ठेवला. आपल्याला विद्युत्‌वाहकतेचा नवा सिद्धान्त सुचला आहे असे त्याने रसायनाचे प्राध्यापक क्लेव्हे यांना मोठ्या उमेदीने सांगितले, तेव्हा त्यांनी दोन सौजन्याचे शब्द बोलून त्याला निरोप दिला, असे पुढे त्यानेच सांगितले आहे. प्रबंधास मिळालेली श्रेणी इतकी कनिष्ठ होती की विद्यापीठात अध्यापकाची सनद मिळण्याची आशाच खुंटावी. पण आऱ्हेनियसने प्रबंधाच्या प्रती परदेशी धाडल्या होत्या. त्यांपैकी एक रिगा येथे विल्हेल्म ओस्टवाल्ड याच्या हाती पडली, आणि तो त्याच उन्हाळ्यात स्वतः उप्सालास येऊन या तरुणाला आपल्याकडे जागा देऊ करता झाला. बाहेरच्या पाहुण्याने किंमत केल्यावर घरच्यांचे डोळे उघडले व वर्ष संपण्यापूर्वी उप्सालाने त्याला अध्यापकाचे पद दिले.

सिद्धान्ताला निश्चित रूप आले ते १८८७ मध्ये, आणि त्याला बळ मिळाले ते विजेशी काहीच संबंध नसलेल्या एका दिशेने. एक किलोग्रॅम पाण्यात एक मोल साखर विरघळली तर त्याचा गोठणबिंदू सुमारे १.८६ अंशांनी उतरतो. हा उतार किती व्हावा हे विरघळलेल्या कणांच्या संख्येवर ठरते, ते कण कशाचे आहेत यावर नाही. मिठाच्या विरल द्रावणात मात्र तो उतार अपेक्षेच्या जवळजवळ दुप्पट येई, आणि कॅल्शियम क्लोराइडच्या बाबतीत तिपटीच्या घरात जाई. हॉलंडच्या फान्ट हॉफने आपल्या सूत्रांत त्यासाठी एक गुणक घालून ठेवला होता, पण त्या गुणकाचा अर्थ त्याला लागत नव्हता. आऱ्हेनियसने तो लावला: मिठाचे एकाचे दोन कण होतात, कॅल्शियम क्लोराइडचे तीन. पाण्यात पडताच क्षार आपोआप विलग होतो; प्रवाहाचे काम फक्त त्या विलग कणांना वाट दाखविण्याचे. यावर तत्कालीन रसायनज्ञांची हरकत अशी की, पाण्यात सोडियम मोकळा असेल तर तो पेट कसा घेत नाही, आणि क्लोरीन मोकळा असेल तर त्याचा हिरवट रंग व उग्र दर्प कोठे जातो? सोडियमचा अणू निराळा आणि एक धनभार धारण केलेला सोडियम आयन निराळा, हे उत्तर आऱ्हेनियसने दिले. पण भार गेल्याने किंवा आल्याने एवढे स्वभावांतर का व्हावे, हे सांगण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते, कारण इलेक्ट्रॉनचा शोध लागावयास अजून दहा वर्षे होती. १९०३ चे रसायनाचे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले. रसायनाच्या नोबेल समितीचे अध्यक्ष क्लेव्हेच होते, ही नोंद त्या वृद्ध प्राध्यापकाच्या पदरी श्रेय म्हणून टाकली पाहिजे.

आऱ्हेनियसला आपण न्याय देतो तो येथपर्यंत. त्याचाही समज असा होता की कोरड्या मिठात रेणू असतात आणि त्यांची फारकत पाण्यामुळे होते. द्रावणात रेणू व आयन यांचा तोल असतो असे मानून त्याने जी समीकरणे बसविली, ती अशक्त आम्लांना उत्तम लागू पडतात आणि मिठालाच लागू पडत नाहीत. डेन्मार्कच्या ब्येरुमने १९०९ मध्ये मिठासारखे क्षार द्रावणात संपूर्णपणे विलग झालेले असतात असे प्रतिपादन केले. आणि १९१८ मध्ये कलकत्त्याचे तरुण संशोधक ज्ञानचंद्र घोष यांनी याच भूमिकेवरून, द्रावणातील आयनांच्या परस्पर आकर्षणाचा हिशेब स्फटिकातील रचनेच्या आधारे मांडण्याचा धाडसी प्रयत्न केला. घोष यांचे गणित पुढे टिकले नाही, डिबाय व हुकेल यांच्या १९२३ च्या सिद्धान्ताने त्याची जागा घेतली. तरीही युरोपातील अग्रगण्य प्रयोगशाळांना ज्याची दखल घेऊन खंडन करावे लागले असे काम त्या काळी हिंदुस्थानातून झाले, याचा अभिमान आपण बाळगावा. हेच घोष पुढे बंगळूरच्या विज्ञान संस्थेचे संचालक आणि त्यानंतर खरगपूरच्या तंत्रज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले.

एव्हाना या घराण्याची दुसरी शाखा उदयास आली होती. १९१२ मध्ये म्युनिक येथे लाउएच्या सूचनेवरून फ्रीड्रिख व क्निपिंग यांनी स्फटिकांतून क्ष-किरण सोडले आणि छायाचित्रकाचेवर ठिपक्यांची सुव्यवस्थित आकृती उमटली. ती वाचण्याची किल्ली केंब्रिजमधील बावीस वर्षांच्या विल्यम लॉरेन्स ब्रॅगला सापडली, आणि १९१३ मध्ये त्याने मीठ उलगडले. आत काय दिसले? सोडियमच्या प्रत्येक कणाभोवती समान अंतरावर क्लोरीनचे सहा कण, आणि क्लोरीनच्या प्रत्येक कणाभोवती तितक्याच अंतरावर सोडियमचे सहा; अंतर सुमारे २.८ अँगस्ट्रॉम, आणि हीच रचना खड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड. कोणता सोडियम कोणत्या क्लोरीनचा, हा प्रश्न विचारण्यास जागाच उरली नाही. 'मिठाचा रेणू' नावाची वस्तू त्या रचनेत शोधूनही सापडेना. दोन वर्षांनी ब्रॅगला पित्यासह नोबेल पारितोषिक जाहीर झाले, त्या वेळी तो पंचवीस वर्षांचा असून महायुद्धाच्या आघाडीवर होता.

रचना कळली, कणांवर भार आहे काय, हे अद्याप ठरावयाचे होते. त्याचे तात्त्विक उत्तर १९१६ मध्ये जर्मनीतून व अमेरिकेतून जवळजवळ एकदम आले. आर्गॉन, निऑन आदी निष्क्रिय वायूंच्या इलेक्ट्रॉन-व्यवस्थेला विशेष स्थैर्य आहे, हे सूत्र धरून वाल्टर कोसेलने दाखविले की, सोडियम एक इलेक्ट्रॉन गमावून निऑनची व्यवस्था प्राप्त करतो आणि क्लोरीन एक मिळवून आर्गॉनची. पुढचे सारे काम विजातीय भारांचे सामान्य विद्युत्‌आकर्षण करते. बर्कलीच्या गिल्बर्ट लुइसने अशी देवघेव आणि इलेक्ट्रॉनांच्या जोडीतील समाईक भागीदारी ही दोन्ही एकाच चौकटीत बसविली, आणि बर्झेलियसच्या वेळी जो विवेक सुचला नव्हता तो अखेर रसायनशास्त्राच्या पदरात पडला. प्रायोगिक दाखलाही लवकरच मिळाला. डिबाय व शेरर यांनी १९१८ मध्ये लिथियम फ्लुओराइडवरून परावर्तित होणाऱ्या क्ष-किरणांच्या तीव्रतेवरून असा निष्कर्ष काढला की, दोन कणांतील इलेक्ट्रॉनांचे प्रमाण तीनास नऊ असे अणूंचे नसून दोनास दहा असे आयनांचे आहे. कोरड्या खड्यात आयन असतात, याची खातरजमा झाली.

तरीही तक्रार संपली नाही. १९२७ मध्ये हेन्री आर्मस्ट्राँग या जवळजवळ ऐंशी वर्षांच्या इंग्रज रसायनज्ञाने 'नेचर' नियतकालिकात पत्र लिहून, बिचाऱ्या मिठाची बुद्धिबळाच्या पटासारखी मांडणी करणे हे सारासारबुद्धीला विसंगत आहे, अशी फिर्याद मांडली. हेच आर्मस्ट्राँग पूर्वी आऱ्हेनियसच्याही विरोधात उभे होते. त्यांच्याविषयी मला आदरच वाटतो. ज्या पिढीने रेणूची कल्पना कष्टाने उभारली, तिला सर्वांत परिचित अशा पदार्थात रेणूच नाही हे ऐकून क्लेश व्हावेत हे स्वाभाविक होते. आणि त्यांनी आपला आक्षेप लपवून न ठेवता नाव घालून छापला.

आता या बंधाच्या बळाविषयी. सोडियम आपला इलेक्ट्रॉन आनंदाने देऊन टाकतो आणि क्लोरीन तो उत्सुकतेने घेतो, असे पुष्कळदा सांगितले जाते. मॅक्स बॉर्न व फ्रिट्‌स हाबर यांनी १९१९ मध्ये या व्यवहाराचा जो जमाखर्च मांडला, तो काही निराळेच सांगतो. एक मोल मीठ घडविण्यासाठी धातुरूप सोडियमची वाफ करण्यास सुमारे १०७ किलोज्यूल, क्लोरीनचे अणू सुटे करण्यास १२१, आणि सोडियमचा इलेक्ट्रॉन काढून घेण्यास ४९६ किलोज्यूल ऊर्जा खर्ची पडते. क्लोरीनने तो इलेक्ट्रॉन स्वीकारल्याने परत मिळतात फक्त ३४९. म्हणजे केवळ देण्याघेण्याच्या कलमावरच १४७ किलोज्यूलांची तूट येते. ही सारी तूट भरून काढून वर ४११ किलोज्यूल शिलकीत टाकणारी रक्कम एकच, ती म्हणजे सुटे आयन स्फटिकात एकत्र येताना मुक्त होणारी सुमारे ७८७ किलोज्यूल जालक-ऊर्जा. माडेलुंगने १९१८ मध्ये गणिताने दाखविले होते की, त्याच अंतरावरील एकाकी जोडीच्या मानाने स्फटिकातील आकर्षण-ऊर्जा १.७४७६ पट भरते, कारण तेथे प्रत्येक आयनाला जवळच्या आणि दूरच्या अशा सर्वच शेजाऱ्यांशी संबंध राखावा लागतो. मिठाचे अस्तित्व दोन अणूंच्या खाजगी करारावर उभे नाही. ते अगणित आयनांच्या समुदायावर उभे आहे.

एवढे ध्यानी धरले की आरंभी सांगितलेले गुणधर्म आपापल्या जागी बसतात. वितळवावयाचे म्हणजे या समुदायाची सर्व दिशांनी असलेली पकड ढिली करावयाची, म्हणून ८०१ अंश. आणि जेथे आयनांवर दुहेरी भार असून ते अधिक निकटही आहेत, त्या मॅग्नेशियम ऑक्साइडचा द्रवणांक २८०० अंशांच्याही वर जातो, म्हणूनच पोलादाच्या भट्ट्यांना आतून त्याच्या विटांचे अस्तर देतात. आघाताने एक थर दुसऱ्यावर किंचित सरकला की सजातीय आयन समोरासमोर येऊन एकमेकांना दूर लोटतात, आणि खडा सपाट पृष्ठाने फुटतो. घन स्थितीत आयन आहेत पण त्यांना जागा सोडता येत नाही, म्हणून प्रवाह नाही. फॅरडेच्या क्लोराइडांनी हेच सांगितले होते. पाण्यात भारांमधील आकर्षण सुमारे ऐंशी पटींनी क्षीण होते आणि पाण्याचे रेणू प्रत्येक आयनाभोवती गोळा होऊन जालक-ऊर्जेची जवळजवळ पूर्ण भरपाई करतात. जवळजवळ, कारण मोलमागे सुमारे चार किलोज्यूलांची उणीव राहते, आणि म्हणून मीठ विरघळताना पाणी किंचित थंड होते. चांदीच्या क्लोराइडात ही भरपाई पुरी पडत नाही, आणि ते पाण्यात जवळपास विरघळतच नाही. त्यात बंधही निखळ आयनिक नसतो. लहान व प्रबल भाराचा धनायन शेजारच्या मोठ्या ऋणायनाचा इलेक्ट्रॉन-मेघ आपल्याकडे ओढून घेतो, हे फायान्सने दाखविले, आणि आयनिक व सहसंयुज, म्हणजे भागीदारीच्या, बंधांमधला प्रदेश सलग आहे, हे पाउलिंगच्या १९३२ मधील विद्युत्‌ऋणतेच्या मापनामुळे स्पष्ट झाले.

उरण, पेण, वसई या बाजूंच्या मिठागरांत हेच शास्त्र उन्हावर चालते. समुद्राचे पाणी आटू लागले की मिठाआधी जिप्सम खाली बसते, मग मीठ धरते, आणि मॅग्नेशियमचे क्षार शेवटच्या कडू पाण्यात मागे राहतात. त्यांचा थोडा अंश मिठाच्या खड्यांना चिकटून येतो. मॅग्नेशियमचा लहान, दुहेरी भाराचा आयन हवेतील बाष्प ओढून घेतो, आणि कोकणात पावसाळ्यात बरणीतल्या जाड्या मिठाला पाणी सुटते. शुद्ध मिठाला हा दोष पुष्कळ कमी असतो.

रसायनाच्या शिक्षकांना एकच विनंती आहे. सोडियमचा एक आणि क्लोरीनचा एक असे दोन गोल फळ्यावर जोडून काढण्यापूर्वी मुलांच्या हाती सैंधवाचा एक खडा आणि भिंग द्यावे, तो त्यांच्याकडून फोडून घ्यावा, कोरड्या मिठातून व मिठाच्या पाण्यातून विजेरीच्या छोट्या दिव्याची तार जोडून दाखवावी, आणि मगच सांगावे की मिठाच्या सूत्रातील एकास एक हे केवळ प्रमाण आहे, त्या नावाचा रेणू त्या खड्यात कोठेही नाही.